कलम चारवाले दाजी

वडीगोद्री फाट्यावर चहाच्या टपरीपाशी, पाठीला लांबुळकी पिशवी लावून चोरट्यासारखा इकडंतिकडं बघणारा माणूस दिसला, तर तो पाणाड्या नव्हे आणि महामार्गाच्या मोजणीवालाही नव्हे. पिशवीत ऑनलाइन मागवलेला मेटल डिटेक्टर असतो आणि खिशात १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्याची झेरॉक्स. आमच्याकडं त्याला सगळे दाजी म्हणतात, तुमच्याकडं तात्या म्हणत असतील. माणूस तोच.

यंत्र घेतलं ते निव्वळ हौसेपायी. सातवाहनांचं पैठण इथून लांब नाही. तिथं बाळासाहेब पाटलांनी जन्मभर जुन्या वस्तू जमवल्या आणि आज त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय उभं आहे. मग आपल्या हातात तर यंत्र आहे! यंत्र जोडून होतंय न होतंय तोच कुणीतरी विचारलं, “दाजी, हे कायद्यात बसतं का?” तेव्हापासून यंत्र कमी आणि झेरॉक्स जास्त बाहेर निघते.

कायदा तसा सरळ आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांवरची चीज सापडली की कलम चारप्रमाणं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय, कुठं, कधी, अंदाजे कितीचं. वस्तू सरकारी तिजोरीत जमा करायची, नाहीतर जामीन द्यायचा. दडवली तर वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, शिवाय वाटाही जातो. राणी व्हिक्टोरिया गेली, निजाम गेला, जालना जिल्हा वेगळा झाला. दहा रुपये मात्र जागचे हलले नाहीत. फाट्यावर आज त्यात एक चहा येतो.

दाजींना पहिल्यांदा घावला तो नांगराचा गंजका फाळ. दुसऱ्या कुणी भंगारात घालून वडापाव खाल्ला असता. दाजींनी तो तराजूत टाकला, भंगाराचा भाव लावला आणि त्यांना घाम फुटला. दहाच्या वर! रात्री अर्ज लिहायला बसले. ‘प्रति, मा. जिल्हाधिकारी साहेब, जालना. विषय: जमिनीत मिळून आलेल्या लोखंडी वस्तूबाबत.’ गाडी ‘वस्तूचे वर्णन’ या रकान्यावर अडली. फाळ शंभर वर्षांपलीकडचा निघाला तर १९७२ चा पुरावशेष कायदा मागं लागायचा. दाजींनी खाली टीप घातली, ‘वस्तूचे वय अर्जदारास माहीत नाही.’ तेवढ्यात आतून बायकोचा आवाज आला, “अहो, तो मामंजींनीच मोडला म्हणून बांधावर फेकला होता!”

यंत्र सर्वांत जास्त वाजतं ते गुटख्याच्या चंदेरी पुडीवर. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी. पुडी हातात घेतली तर मुद्देमाल आपल्यापाशी सापडला असं होईल का, या विचारानं दाजी ती पुन्हा नीट पुरून टाकतात.

बिनवारशी निधीत शोधणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक, असा कायदा. आपसात करार असेल तर कराराप्रमाणं. म्हणून दाजी शेतात पाय ठेवायच्या आधी करार करा म्हणतात. २०२४ पासून शंभराचा स्टॅम्प बंद होऊन पाचशेचा आला. शेतकरी म्हणतो, “दाजी, ते पाचशे मला द्या आणि सगळं रान उकरा. पऱ्हाटी तेवढी तुडवू नका.”

लोकांचा संशय तर वेगळाच. जमिनीत शोधतोय म्हणजे गुप्तधन, आणि गुप्तधन म्हणजे पायाळू माणूस आलाच. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा दाजींना पाठ आहे. भर उन्हाळ्यातही ते सरबताला लिंबू जवळ ठेवत नाहीत. रात्री जावं तर गुप्तधनवाले ठरतात, दिवसा जावं तर मागं पोरांची जत्रा. मारुतीच्या देवळापासून ते दोरीनं शंभर मीटर मोजून उभे राहतात, कारण संरक्षित स्मारकाभोवती तेवढी मनाई असते असं वाचलंय. देवळावर परवाच नवा स्लॅब पडलाय, पण दाजी जोखीम घेत नाहीत.

हसू येतं, तरी दाजींची भीती अगदीच पोकळ म्हणवत नाही. जुनं टेकाड कुणीही उकरलं की थर मोडतात, आणि नाणं कुठल्या थरात होतं हे गेलं की मागं नुसती धातूची चकती उरते. फक्त रात्री जेसीबी लावणारे झेरॉक्स घेऊन फिरत नाहीत. म्हणून त्यांच्या वाटणीचंही दाजीच घाबरून घेतात.

एकदा मात्र खरंच घावलं. मोसंबीच्या बागेत, आळ्याच्या कडेला, निजामाची चारमिनार छापाची चांदीची पावली. दाजी मटकन खाली बसले. बागेची मालकीण, ऐंशीच्या पुढची म्हातारी, काठी टेकत आली.

“काय घावलं रं?”

“आजी, हात लावू नका. साहेबांना कळवावं लागतं.”

म्हातारीनं पावली उचलली, पदरानं पुसली, उन्हात धरून पाहिली. “ही तर माझ्या सासूच्या चंचीतली. खुरपताना पडली म्हणून मला किती बोलली होती!”

दाजींनी झेरॉक्स काढली. “तसा दावा करता येतो आजी. पण आधी जाहीर सूचना निघंल, मग कमीत कमी चार महिने थांबायचं, मग साहेबांपुढं पुरावा...”

“मंग तू थांब की बाबा,” म्हातारी पावली कनवटीला खोचत म्हणाली, “मला म्हशीला पाणी दावायचंय.”