जावई विहिरीत

मी आणि माझं इन्सुलिन असे दोघे प्रवासाला निघतो, तेव्हा सुखाचा प्रवास फक्त इन्सुलिनचा होतो. त्याला रुंद तोंडाचा थर्मास, त्यात बर्फाची पिशवी, बर्फ थेट अंगाला लागू नये म्हणून मधे धुतलेला पंचा. मला गणपती स्पेशलमधली मधली बर्थ, तीही दिवसा दुमडून ठेवलेली.

आमच्या घरात त्याला 'जावई' म्हणतात. नाव हिने ठेवलं, आणि चपखल ठेवलं. न उघडलेलं असेल तर २ ते ८ अंशांत ठेवायचं. उन्हात ठेवलं तर बिघडतं. गोठलं तर वितळल्यावरही फेकूनच द्यायचं. बरं, रुसलेला जावई निदान तोंड तरी फुगवतो. हे गोठून वितळलं की पुन्हा शहाण्यासारखं पेनात बसून राहतं. आत राम उरला आहे की नाही, हे नुसतं बघून कळेल याची खात्री नाही. म्हणूनच विमानात ते मोठ्या बॅगेत टाकत नाहीत. खाली सामानाच्या पोटात थंडी किती पडेल, याचा नेम नाही. मुलीकडे बंगळुरूला जाताना मी ते हातातल्या पिशवीत नेलं, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. तपासणीच्या जवानाने पेन उचलून उजेडात धरलं. मी चिठ्ठीची घडी उलगडतोय तोवर त्याने हळूच विचारलं, "कितना यूनिट?" त्याच्या आईचं बावीस होतं.

हा प्रश्न आता मला सवयीचा झाला आहे. पूर्वी गाडीत माणसं एकमेकांचं गाव विचारायची. यंदा भाद्रपदात राजापूरला निघालो, तर पनवेल यायच्या आत आमच्या डब्यात तीन इन्सुलिनवाले निघाले. "आमचं वीस-चौदा." "माझं अठरा-बारा." एक गृहस्थ नुसत्या गोळ्यांवर होते. ते जरा खालच्या आवाजात बोलले, वेटिंग लिस्टवाल्यासारखे.

गाडी दुपारी पोचायची, ती संध्याकाळी चिपळूणला होती. कोकण रेल्वेचा मार्ग बराचसा एकेरी. समोरून कोणी आलं की थांबून वाट द्यायची. माणसांना जमत नाही ते इथे गाड्यांना जमवावं लागतं. माझं इन्सुलिन दोन जातींचं मिश्रण, दुधाळ रंगाचं. टोचण्याआधी पेन तळहातांत दहा वेळा फिरवायचं आणि टोचल्यावर अर्ध्या तासात जेवायचं. जेवणवाला पोरगा म्हणाला, "काका, पाच मिनिटांत जेवण." मी वाती वळल्यासारखं पेन वळलं आणि पोटात बारा युनिट घेतली. गाडीतली पाच मिनिटं किती मोठी असतात, हे मला साठाव्या वर्षी कळायला हवं होतं. गाडी क्रॉसिंगला थांबली. पाऊण तासाने पोरगा पुन्हा आला आणि म्हणाला, "जेवण संपलं."

इन्सुलिनला हे कोणी सांगितलेलं नव्हतं. ते आपल्या कामाला लागलं होतं. मला दरदरून घाम फुटला, हात कापायला लागले आणि समोरच्या गृहस्थांना दोन डोकी दिसू लागली. बिस्किटं मखराच्या सामानाखाली होती, साखरेची पुडी बिस्किटांखाली. ही बर्थखाली वाकून थर्माकोलचे खांब उपसत होती, तेवढ्यात शेजारच्या सहा वर्षांच्या मुलीने आपल्या डबीतल्या लिमलेटच्या गोळ्या माझ्या हातावर ओतल्या. एक-एक मोजून नाही, डबीच पालथी केली. मी त्या कडाकडा चावून खाल्ल्या, आणि मागोमाग साखरेची पुडी. पंधरा मिनिटांनी समोरच्या गृहस्थांचं एक डोकं गेलं. (१४ नोव्हेंबरला शाळांत नेहरूंच्या नावाने गोळ्या वाटतात. त्याच तारखेला जागतिक मधुमेह दिन असतो, कारण इन्सुलिन शोधणाऱ्यांपैकी बँटिंग यांचा तो जन्मदिवस. यात काही विसंगती आहे असं मला वाटायचं. आता वाटत नाही.)

रात्री उशिरा वाडीवर, थोरल्या भावाच्या घरी पोचलो. जावई दादांच्या फ्रिजच्या दारात बसवला, दोन नवी पेनं. वापरातलं पेन माझ्याजवळ. एकदा सुरू केलं की ते चार आठवडे बाहेरच चालतं, तीस अंशांच्या आत असलं म्हणजे झालं. सकाळी मोदकांच्या गडबडीत वहिनींनी दार उघडलं आणि त्यांना वाटलं, औषध दारात? पाहुण्याला ओटीवर बसवल्यासारखं? त्यांनी पेनं उचलून वर फ्रीझरमध्ये, ओल्या खोबऱ्याशेजारी नेऊन ठेवली.

"भावजी, थंडच ठेवायचं ना? मग तिथे जास्त थंड असतं की."

दुपारी मला ती दगड झालेली सापडली. मी काही बोललो नाही, पण हिने "अगं बाई" म्हटलं, आणि ते पुरलं. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. दादांनी स्कूटर काढली, भर पावसात राजापूर गाठलं आणि नवी पेनं आणली. ती फ्रिजमध्ये ठेवली आणि वीज गेली.

आमच्या वाडीतली वीज राजापूरच्या गंगेसारखी आहे. कधी येईल आणि किती दिवस मुक्काम करील, हे तिचं तिलाच ठाऊक. माठात ठेवू म्हटलं, तर भाद्रपदातली कोकणातली हवा. ओल्या हवेत पाणी उडून जात नाही, आणि पाणी उडाल्याशिवाय माठ गार होत नाही. विदर्भातल्या उन्हाळ्यात जमणारी ही जादू इथे चालत नाही. मी सांगून पाहिलं, की जांभ्याच्या भिंतींचं घर आहे, नवं पेनसुद्धा माजघरात चार आठवडे सहज राहील, त्याला काही होत नाही. पण वहिनींना आता प्रायश्चित्त हवं होतं. त्यांनी पेनं प्लास्टिकच्या डबीत घातली, डबी कळशीत, कळशीवर पंचा बांधला आणि ती विहिरीत पाण्याला टेकेल इतकी सोडली. दोर रहाटाला बांधून टाकला, आणि विहिरीपाशी दादांचा नातू राखणीला.

पाच दिवस जावई विहिरीत होता. शेजारच्या काकू पाणी भरायला आल्या की नातू ओरडायचा, "रहाट हलवू नका, खाली आजोबांचा जावई आहे!" दुसऱ्या दिवशी दोघे-तिघे चौकशीला येऊन गेले.

निघायच्या दिवशी वहिनींनी स्वतः कळशी वर काढली, थर्मास स्वतः भरला, झाकण घट्ट लावून माझ्या हातात दिला. "आता नाही हो चुकणार." परतीची गाडी वेळेवर होती, जेवण वेळेवर आलं, मी टोचलं आणि जेवलो. इतक्या सुरळीत प्रवासात मला थोडं चुकल्यासारखंच वाटत होतं.

डोंबिवलीला घरी येऊन थर्मास उघडला. आत केळीच्या पानात गुंडाळलेले, गारेगार, एकही कळी न मोडलेले अकरा उकडीचे मोदक.

पेनं हिच्या पर्समध्ये सापडली, हळदीकुंकवाच्या पुडीशेजारी. त्यांना काहीच झालेलं नव्हतं. ही माझ्याकडे बघत होती आणि मी मोदकांकडे. मोदक गार झाले की पारी कडक होते, असं मी म्हणालो. तिने अकरातले नऊ शेजारी पाठवले आणि उरलेल्या दोनांकडे बोट करून विचारलं,

"एकाला किती युनिट?"