उघडं असलं तर सगळं मिळतं

कॅनडाच्या सस्कॅचवन प्रांतात बऱ्याच ठिकाणी गावं आधी आणि रेल्वे नंतर, असा क्रम नव्हता. रेल्वेनेच गावं पेरली. घोडागाडीत गहू भरून निघालेल्या शेतकऱ्याला दिवेलागणीपर्यंत घरी परतता यावं, म्हणून दर आठ-दहा मैलांवर एक स्टेशन, शेजारी धान्याचं उंच लाकडी कोठार आणि त्याच्या आडोशाने चार घरं. एवढ्या बारशांना आत्या आणायच्या कुठून? ग्रँड ट्रंक पॅसिफिक कंपनीने सरळ इंग्रजी मुळाक्षरं हाताशी धरली. रेमोर, सीमन्स, टेट, उंडोरा, व्हेन, वॉट्रस, झीना, यंग, झेल्मा. ‘झेड’ संपला, पण रूळ संपेनात, तेव्हा पुन्हा ‘ए’पासून ॲलन, ब्रॅडवेल, क्लाव्हेट. ‘एक्स’साठी झीना शोधून काढणाऱ्या अनामिक कारकुनाला त्या महिन्यात पगारवाढ मिळायला हवी होती.

अशा एखाद्या छोट्या गावात आज दोन-तीनशे माणसं राहतात. सोयी काय आहेत, असं विचारलं तर यादी भरगच्च निघते: पोस्ट, सहकारी दुकान, पेट्रोल पंप, एक बार, दोन चर्च, वाचनालय, सभागृह, बर्फाचं रिंक. गोम एकच. यातलं नेमकं कधी काय उघडं असतं, हे तोंडपाठ असावं लागतं. वाचनालय आठवड्यातून एखाद-दोन दुपारी, कचरा डेपो ठरल्या वारी, आणि बार उघडा असला तरी स्वयंपाकीण नातवाच्या हॉकी सामन्याला गेली असेल तर फक्त वेफर्स.

पोस्टमन घरोघरी फिरत नाही. पोस्टात प्रत्येकाचा कुलूपबंद खण असतो, तो उघडायला आपण जायचं. खणात पत्र नसलं तरी पोस्टात बातमी असतेच. ती तिथून निघते आणि थेट ‘कॉफी रो’वर पोचते.

ही कॉफी रो म्हणजे सस्कॅचवनची खरी विधानसभा. सकाळी दुकानातल्या किंवा हॉटेलातल्या ठरलेल्या टेबलाभोवती टोप्या घातलेले शेतकरी बसतात. गव्हाचा भाव, पाऊस, ट्रॅक्टरचा नादुरुस्त पंप आणि सरकार, हे विषय रोजचेच. पण मे-जूनमध्ये खरी रंगत येते, कारण पेरलेलं उगवून वर आलेलं असतं. इथे जमीन सपाट, रस्ते काटकोनात आखलेले, आड यायला झाड नाही. पेरताना ज्याचा हात जरा हलला, त्याची वाकडी ओळ रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्याला कापणीपर्यंत दिसत राहते. चोरी लपवता येईल, ओळ लपत नाही.

हिवाळ्यात पारा उणे ३०, कधी उणे ४०पर्यंत उतरतो. दारात उभ्या प्रत्येक गाडीच्या नाकातून एक वायर लोंबत असते, टोकाला तीन पिनांचा प्लग. नवखा मराठी पाहुणा भारावून म्हणतो, “वा, गावोगावी इलेक्ट्रिक गाड्या!” ती वायर इंजिन उबदार ठेवणाऱ्या हीटरची असते. रात्री प्लग खोचायला विसरलं, की सकाळी गाडी हूं की चूं करत नाही. केनस्टन या गावाने तर थंडीची तक्रार करण्यापेक्षा तिचं भांडवल केलं. हिमवादळांची राजधानी म्हणून स्वतःची जाहिरात केली आणि महामार्गालगत भलाथोरला हिममानव उभा केला. तो उन्हाळ्यातही वितळत नाही.

उन्हाळ्याचीच गोष्ट निघाली म्हणून सांगायचं, तर शेजारचे प्रांत वर्षातून दोनदा घड्याळं पुढे-मागे करतात. सस्कॅचवनने १९६६च्या कायद्याने त्या भानगडीतून जवळजवळ पूर्णपणे अंग काढून घेतलं. गाईंनी स्वागतच केलं असणार.

गावाचा प्राण मात्र रिंकमध्ये. याच मुलखातल्या फ्लोरल नावाच्या, नकाशावर शोधावं लागेल अशा वस्तीत १९२८ साली हॉकीचा महानायक गॉर्डी हाऊ जन्मला. १९९८च्या नागानो ऑलिंपिकमध्ये कर्लिंगचं सुवर्ण जिंकणारी सँड्रा श्मिरलर बिगर या छोट्या गावची. म्हणून प्रत्येक आईला आपल्या पोराच्या बुटाखाली पदक दिसतं, आणि रिंकच्या उपाहारगृहात बटाटे तळायची पाळी कुणी नाकारू शकत नाही. विजेचं बिल भरायला शरद ऋतूत सामुदायिक पंगत घालतात: टर्की, कुस्करलेले बटाटे, आणि घरटी किमान एक ‘पाय’ (सारण भरून भाजलेला गोड पदार्थ). कुणाचा पाय आधी संपला, याची नोंद लेखी नसते, पण विसरलीही जात नाही.

गरजेच्या सोयीही अशाच वर्गणीच्या वाटेने आल्या. १९१५ साली होल्डफास्ट गावचा डॉक्टर निघून जायच्या बेतात होता, तर सार्निया ग्रामीण पालिकेने त्याला वर्षाला १५०० डॉलर देऊन थांबवून घेतलं. १९६२ साली साऱ्या प्रांताला सरकारी वैद्यकीय विमा मिळाला, त्याचं मूळ अशा गावठी व्यवहारांत सापडतं. सगळंच असं टिकत नाही. १९४६पासून गावोगाव जाणारी सरकारी बस २०१७च्या मे अखेरीस बंद झाली. आता गाडी नसलेल्या आजीला तपासणीसाठी शहरात जायचं, तर आधी कॉफी रोवर शब्द टाकावा लागतो.

२०१७च्याच नोव्हेंबरात कॉफी रोवर अचानक दिल्लीचं नाव निघू लागलं. भारताने आयात वाटाण्यावर ५० टक्के शुल्क लावलं, पाठोपाठ डिसेंबरात मसुरावर ३० टक्के. इथल्या कोठारांतून निघालेला वाटाणा मुंबईत रगडा पॅटिसच्या ताटलीत पोचत असे. १९७८ साली सस्कॅचवन विद्यापीठाच्या अल स्लिंकार्ड यांनी ‘लेअर्ड’ हा मसुराचा वाण दिला, तेव्हापासून या गावांनी मसुरावर बराच पैसा कमावला. त्यामुळे आपल्या मान्सूनचा अंदाज कॉफी रोच्या टेबलावरही वाचला जातो, आणि विदर्भात तुरीचं पीक भरघोस आलं की टोप्या काळजीने मागे सरकतात. एवढं असून टर्कीच्या पंगतीत मसुराची आमटी वाढल्याचं काही ऐकिवात नाही.