सर्दी, गर्दी, वर्दी

हजीऱ्यात ढग कुठून येतात याविषयी बालवर्गातल्या मुलांना तिळमात्र शंका नसते. ते कंपनीत बनतात. खत इथं बनतं, पोलाद इथं बनतं, मग ढगांनीच काय घोडं मारलंय? वसाहतीच्या गच्चीवरून धुराडी दिसतात, त्यांतून पांढरे लोट निघतात आणि जूनच्या मध्यावर तेच काळे होऊन परत येतात. “आजी, आज कंपनीनं जास्त सोडले,” असं साडेचार वर्षांच्या माणसानं गंभीरपणे सांगितलं, की समुद्र, वाफ, नैर्ऋत्येचा वारा वगैरे बोलायची आपली छाती होत नाही.

ही मुलं मराठी घरांतली. सुरत शहरात, उधना-लिंबायतकडे, खानदेशातून आलेल्यांची वस्ती एवढी दाट की महापालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. हजीरा तिथून लांब, तापीच्या मुखाशी. इथली मुलं शाळेत इंग्रजी, खेळताना हिंदी, दुकानात गुजराती आणि रुसल्यावर मराठी बोलतात. संध्याकाळी ती माझ्याकडे मराठी वाचायला येतात. म्हणजे धाडली जातात.

पावसाळ्यात वाचायला पावसाचीच कविता हवी. आपलं सगळ्यांना ठाऊक असलेलं गाणं पावसाला पैशाचं आमिष दाखवतं आणि पैसा खोटा निघाल्याचं लगेच सांगूनही टाकतं. शेजारच्या गुजराती गाण्यात पावसाला घेवर, गरम पोळी आणि कारल्याची भाजी मिळते. दोन्ही गाणी येणाऱ्या एका मुलानं विचारलं, मग पाऊस गुजरातेतच जास्त पडत असेल ना? मी कोकण आठवून गप्प राहिले. खोट्या पैशाला तिथं फार मान आहे.

पण पाठ असलेलं गाणं वाचायला दिलं की गंमत होते. जीभ शेवटची ओळ संपवून मोकळी होते, तेव्हा बोट दुसऱ्या ओळीवरच रेंगाळत असतं. याला मी लबाडी मानत नाही. तोंडात जे आहे ते कागदावर कुठंतरी आहे, एवढं त्या बोटाला कळलेलं असतं. पत्ता तेवढा सापडत नसतो. त्यात मराठीचा स्वभाव आडवा येतो. ‘ढग’ म्हणताना टाळी एकच वाजते आणि कागदावर अक्षरं दोन. ‘बेडूक’ला टाळ्या दोन, अक्षरं तीन. शेवटचा ‘अ’ आपण बोलताना गिळतो, आणि बिचारं बोट त्याची वाट बघत थांबतं.

म्हणून पाठ नसलेली कविता हवी होती. ती मीच केली. काव्य म्हणून कुणी तपासू नये.

काळा काळा आला ढग,
बेडूक म्हणतो, वर बघ!
बेडकाला झाली सर्दी,
डबक्यापाशी केवढी गर्दी!

पहिल्या दोन ओळींचं यमक कच्चं आहे, ते मुद्दाम. ग आणि घ शेजारी बसवले तर कान टवकारतात का, हे बघायचं होतं. टवकारले. एकीनं ‘वर बग’ असं वाचून सगळं जुळवून टाकलं, दुसरी म्हणाली, “पोट वेगळं आहे त्याचं.” मग दोघींनी ग आणि घ यांची पोटं बोटानं गिरवून पाहिली.

खरी मजा शेवटच्या शब्दाची. मी तो पाटीने झाकून ठेवला. ‘सर्दी’ ऐकल्याबरोबर ‘गर्दी’ अशी आरोळी उठली, पण एक मुलगा ठामपणे म्हणाला, “वर्दी!” बरोबरच आहे. या वसाहतीत जिकडे तिकडे फाटक, आणि प्रत्येक फाटकावर वर्दीतला माणूस. डबक्यापाशी तो नसेल कशावरून? दोन्ही शब्द यमकात चपखल. आता निकाल कोण देणार? मी पाटी हळूच सरकवली, आणि सहा डोकी एका अक्षरावर वाकली. यमकाची करामत मला इथंच दिसते. रफार, वेलांटी, सगळं ते आधीच सांगून टाकतं. शोधायला उरतं फक्त एक अक्षर. एवढ्याशा वयाच्या डोळ्यांना एका वेळी एकच अक्षर पुरे. ग म भ न घोटवणाऱ्यांचा मी अपमान करत नाही, पण त्या चार अक्षरांसाठी कुणी एवढं भांडलेलं मी पाहिलेलं नाही.

कवितेत पूर घाला, ‘दूर’शी जुळेल, अशीही सूचना आली. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यानं सुरत बुडाली होती. इथली मोठी माणसं पावसाची बातमी धरणाच्या पातळीच्या फुटांत ऐकतात, आणि ३४५ फुटांना धरण भरतं हे त्यांना तोंडपाठ असतं. पूर वगळला.

अशा उद्योगांचं मूळ समोरच्या किनाऱ्यावर आहे. हजीऱ्याहून २०२० पासून मोटारी-ट्रकसकट माणसांना घेऊन बोट आखात ओलांडून घोघ्याला जाते. तिथून भावनगर जवळ. वकिली सोडलेल्या गिजुभाई बधेकांनी तिथं १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं, आणि १९२३ मध्ये ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला, म्हणजे आमच्याच किनाऱ्यानं खाली दक्षिणेला, खेड्यातल्या मुलांसाठी काम मांडलं. छडी बाजूला ठेवून गाणी-गोष्टींना वर्गात जागा देणारी ही माणसं. आमच्या वसाहतीतल्या आयांना मात्र अजून शंका येते, की गाणीच म्हणतात, तर अभ्यास केव्हा करतात?

त्यांच्यासाठी मी बेडकाचा पुरावा राखून ठेवला आहे. दुसऱ्या ओळीत ‘बेडूक’, तिसरीत ‘बेडकाला’. हे मुलांनीच पकडलं. ड खाली लोंबणारा दीर्घ ऊकार तिसऱ्या ओळीत गायब! “आजी, शेपूट गळलं त्याचं.” बेडकाच्या पिलाला शेपूट असतं आणि मोठं होताना ते जातं, हे कुणीतरी डबक्यात पाहून आलं होतं. व्याकरणकारांनी या नियमाला काय काय म्हटलंय ते असो. माझ्याकडे तो शेपटाचा नियम म्हणूनच चालतो. दुसऱ्या दिवशी ‘पाऊस’ आणि ‘पावसात’ मांडून मुलांनी ऊचीही चौकशी सुरू केली.

आता हिवाळ्याच्या कवितेची मागणी आली आहे. तीत पोंक हवाच, अशी अट आहे. आपला हुरडा तो सुरतेचा पोंक, आणि थंडीत इथं त्याच्याशिवाय पान हलत नाही. पोंकला यमक मिळेना. मी चाचरत ‘टोक’ सुचवलं. परवापरवापर्यंत बोट दुसऱ्या ओळीत अडकणाऱ्या चिमुरडीनं पाटीकडे पाहिलं आणि मान हलवली.

“चालणार नाही, आजी. त्याच्यावर टिंब कुठाय?”