पाच मिनिटं नेट बंद राहील

लिफ्टमध्ये तुम्ही सहज म्हणालात, ‘लॅपटॉप फार स्लो झालाय हो, आता नवाच घ्यावा म्हणतो,’ आणि शेजारी दुधाची पिशवी धरून उभ्या असलेल्या गृहस्थांचे डोळे एकदम लकाकले, तर खुशाल समजा की तुमच्या इमारतीत एक घरगुती सर्व्हरवाला राहतो. पुढचे चार मजले तो गप्प बसणार नाही. ‘टाकू नका हं! रॅम किती आहे? चार जीबी? मग काय धाड भरलीये त्याला! विंडोज काढू, लिनक्स टाकू. अजून पाच वर्षं पळेल.’ तुम्ही हो म्हणालात, तर संध्याकाळी तो पेनड्राइव्ह घेऊन दारात हजर. नाही म्हणालात, तर महिन्याभरानं तोच लॅपटॉप तुमच्याकडून भंगाराच्या भावात घेऊन जातो आणि जाताना तुमचे आभारही मानतो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा पाठिंबा थांबवला. विंडोज ११ ला जुनी यंत्रं चालत नाहीत, त्यामुळे असंख्य धडधाकट लॅपटॉप सक्तीनं निवृत्त झाले. बाकीच्यांनी कंपनीला शिव्या घातल्या. सर्व्हरवाल्याची मात्र ती सुगी होती. आमच्या इमारतीतल्या नमुन्यानं त्या दिवाळीत फराळाची ताटं पोचवण्याच्या निमित्तानं प्रत्येक घरातली यंत्रं पाहून घेतली.

कोणाच्या लॅपटॉपला कुठलं लिनक्स द्यायचं, याचा विचार तो स्थळं जमवणाऱ्या आत्याबाईंसारखा करतो. ‘तुमच्या वडिलांना मिंट बरं. शांत आहे, विंडोजच्या वळणाचं आहे, लगेच रुळेल. डेबियन म्हणजे जुनं खानदान, १९९३ पासूनचं. फॅशन दोन वर्षांनी एकदा बदलणार, पण घरात कटकट नाही. आर्च हुशार, सडपातळ. पण रोज अपडेट मागणार आणि एखाद्या सकाळी न सांगता निघून जाणार.’ स्वतः त्यानं तरुणपणी आर्चबरोबर काही वर्षं काढली आहेत. हे तुम्हाला विचारावं लागत नाही. ओळख झाल्यावर नावानंतर तो तेच सांगतो.

त्याला ही बाधा झाली ती इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर. तेव्हा उबुंटूच्या सीडी मागवल्या की फुकट मिळत, टपालखर्चही पडत नसे. २०११ पर्यंत ही सदावर्ताची सोय चालू होती. परदेशातून आपल्या नावावर पाकीट येतं, आत कोऱ्या करकरीत सीडी असतात आणि पैसे कोणी मागत नाही, हा धक्का मराठी मध्यमवर्गीय मनाला पेलवण्याजोगा नव्हता. त्यातल्या काही सीडी त्यानं अजून जपून ठेवल्या आहेत. त्या लावायला घरात आता एकाही यंत्राला सीडीचा कप्पा नाही, हा भाग वेगळा.

त्याच्याकडे चहाला गेलात तर लिनस टॉर्वाल्ड्सची कथा ऐकावी लागतेच. ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या एका एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं जाहीर केलं, की मी एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय, नुसता छंद आहे, फार मोठं काही होणार नाही. आज जगातले बहुतेक सर्व्हर आणि खिशातला प्रत्येक अँड्रॉइड फोन त्याच्याच लिनक्सच्या कर्नलवर, म्हणजे गाभ्यावर, चालतो. कथा संपवून तो म्हणतो, ‘माझंही तसंच. नुसता छंद.’ आतून वहिनींचा आवाज येतो, ‘त्याचंही असंच सुरू झालं होतं!’

सर्व्हर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर गारेगार खोली आणि निळे दिवे येतात. याचा सर्व्हर चपलांच्या कपाटावर असतो, कारण राउटर तिथे आहे. स्क्रीन उपटलेला एक लॅपटॉप, त्याला टेकून दोन हार्ड डिस्क आणि श्रीखंडाच्या डब्यात बसवलेला रास्पबेरी पाय नावाचा चिमुकला संगणक. हवा खेळावी म्हणून डब्याला तापवलेल्या सुईनं भोकं पाडलेली. वायरी बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीतून आणलेल्या, प्रत्येकीला चिकटपट्टी लावून त्यावर नाव. मुख्य प्लगवर लाल अक्षरांत ‘हा प्लग काढू नये’. कामाच्या मावशींना चार्जरसाठी घरात हाच एक प्लग सोयीचा वाटतो. एकदा त्यानं नम्रपणे विचारलं, ‘मावशी, वाचलं नाही का तुम्ही?’ मावशी म्हणाल्या, ‘वाचलं की. काढायचा नव्हता तर हाताशी कशाला लावलाय?’ जगभरातल्या सिस्टिम अ‍ॅडमिनना या प्रश्नाचं उत्तर देता आलेलं नाही.

विजेच्या बिलाचा विषय निघाला की तो कागद काढतो. पंधरा वॉट गुणिले चोवीस तास गुणिले तीस दिवस. महिन्याला जेमतेम अकरा युनिट. हिशेब बिनचूक आहे. त्यात डिस्का, यूपीएस, स्विच आणि ‘सेलमध्ये होता म्हणून’ घेतलेला दुसरा रास्पबेरी पाय धरलेला नाही, एवढंच.

यंत्रांना नावं ठेवण्याचा या जमातीला शौक असतो. डेबियनवाले आपल्या प्रत्येक आवृत्तीला ‘टॉय स्टोरी’तल्या पात्राचं नाव देतात, २०२३ ची बुकवर्म, २०२५ ची ट्रिक्सी. ‘त्यांच्याकडे खेळणी आहेत, आपल्याकडे किल्ले आहेत,’ असं म्हणून यानं लॅपटॉपला राजगड, पायला तोरणा आणि मोठ्या डिस्कला सिंहगड केलं. परिणामी तो फोनवर मित्राशी बोलत असला की बाहेरच्या माणसाला भलतंच ऐकू येतं. ‘राजगड सकाळपासून उत्तर देत नाहीये. तोरण्यावरून आत शिरायचा प्रयत्न करतोय. सिंहगड? तो भरत आलाय, जुनं सगळं उडवावं लागेल.’ पाहुणे आलेले असले की वहिनी दार लोटून घेतात.

आता हे सगळं करतं काय? राजगडावर घरातले फोटो असतात, सिनेमे असतात आणि जाहिराती अडवणारा पाय-होल असतो. आपण एखाद्या संकेतस्थळाचं नाव टाकतो तेव्हा त्या नावाचा आकड्यांतला पत्ता शोधून देण्याचं काम डीएनएस करतो. घरातले सगळे फोन हा पत्ता पाय-होलला विचारतात, आणि जाहिरातवाल्यांचा पत्ता विचारला की तो चक्क कानावर हात ठेवतो. कल्पना उत्तम आहे. फक्त यूट्यूबवर तिचा उपयोग नाही, कारण तिथे जाहिरात आणि व्हिडिओ एकाच दारातून येतात. आणि घरच्यांना जाहिराती दिसतात त्या नेमक्या यूट्यूबवर. वहिनींना साडीच्या सेलची लिंक उघडायची असते, ती मात्र हमखास अडवली जाते.

एरवी हा माणूस मवाळ असतो. त्याची खरी भीती बाळगावी ती शनिवारी रात्री आठच्या सुमाराला, जेव्हा तो दिवाणखान्यात येऊन म्हणतो, ‘जरा पाच मिनिटं नेट बंद राहील हं.’

अशाच एका शनिवारी त्यानं राजगडाचं कर्नल अपडेट केलं आणि रीबूट दिलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मुलगा ओरडला, ‘बाबा, नेट गेलं!’ त्यानं फोनवरून एका आकडी पत्त्याला पिंग करून पाहिलं. उत्तर आलं. ‘नेट चालू आहे,’ तो विजयानं म्हणाला, ‘फक्त नावं कळत नाहीयेत.’

‘म्हणजे बंदच ना?’ वहिनी म्हणाल्या.

‘नाही. डीएनएस बंद आहे.’

‘मग मला भाजीची ऑर्डर देता येईल?’

‘नाही.’

‘म्हणजे बंदच ना?’

राजगडाला स्क्रीन नाही. काय अडलंय ते बघायचं तर त्याला टीव्ही जोडावा लागतो. टीव्हीवर आईंची मालिका चालू होती आणि नवरी मांडवातून पळण्याच्या बेतात होती. यानं ‘आई, एक सेकंद,’ म्हणत मागची वायर उपटली. नवरी गेली, काळा पडदा आला, त्यावर पांढरी अक्षरं. एका डिस्कची वाट पाहणं चालू होतं. दीड मिनिटाची मुदत, एकेक सेकंद मोजत. घरातली चार माणसं श्वास रोखून ते आकडे बघत होती. मुदत संपली आणि यंत्रानं इंग्रजीत कळवलं, की आपण इमर्जन्सी मोडमध्ये आहात.

आई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. ‘अरे, इमर्जन्सी म्हणतोय तो! कोणाला फोन करू का?’

झालं होतं ते असं. यंत्र सुरू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची, याची यादी एफएसटॅब नावाच्या फायलीत असते. यादीतली एखादी डिस्क सापडली नाही, तर लिनक्स पुढे पाऊल टाकत नाही. ‘नसली तरी चालेल’ असं सांगायला त्या ओळीत नोफेल हा पर्याय लिहून ठेवावा लागतो. तो लिहिलेला नव्हता. अशा वेळी काय करायचं, याची पायरीपायरीनं टिपणं त्यानं गेल्याच वर्षी फार सुरेख लिहून ठेवली होती. ती घरच्या विकीवर होती. विकी राजगडावर होता.

मग मोबाइलच्या डेटावर शोधाशोध सुरू झाली. जगात कोणालातरी हीच अडचण आली होती आणि दुसऱ्या कोणीतरी त्याला ‘आधी नीट वाचून ये’ असं उत्तर दिलं होतं. हा टीव्हीपुढे मांडी घालून कीबोर्ड बडवत असताना आई उठून कपाटापाशी गेल्या आणि म्हणाल्या, ‘अरे, या मोठ्या डब्याचा दिवा का लागत नाहीये?’ सिंहगडाचा अ‍ॅडॅप्टर भिंतीतून बाहेर लोंबत होता. तिथे मावशींचा चार्जर होता. फोन त्या दुपारीच घेऊन गेल्या होत्या.

आईंनी प्लग लावला, राजगड उठला, नावं कळू लागली. कोणताही समंजस माणूस इथे जेवायला बसला असता. यानं नोफेल लिहिलं, पुन्हा रीबूट करून खात्री केली, आणि मग या जमातीचं घातक वाक्य उच्चारलं: ‘उघडलंच आहे, तर बुकवर्मचं ट्रिक्सीही करून टाकू.’ आईंना नवरीचं काय झालं ते दुसऱ्या दिवशी दुपारच्या पुनःप्रक्षेपणात कळलं.

माझ्या मते इथे या माणसाचं मर्म आहे. सगळं सुरळीत चालू असलं की तो बेचैन असतो. नातेवाइकांच्या लग्नात कोपऱ्यात उभा राहून फोनवर राजगडाचा लोड बघत असतो. बिघाड झाला की मात्र चेहरा उजळतो, आवाजाला धार येते. इंटरनेट कंपनीच्या मदत केंद्राशी बोलताना तर तो वेगळाच माणूस असतो. इंटरनेटवरचे आयपीव्ही४ पद्धतीचे पत्ते सगळे मिळून ४२९ कोटी. ते कधीच पुरेनासे झाले, म्हणून कंपन्या अनेक गिऱ्हाइकांना एकाच पत्त्यामागे बसवतात. त्यामुळे बाहेरून घरच्या सर्व्हरपर्यंत पोचता येत नाही. हे सगळं तो पलीकडच्या मुलीला समजावून सांगतो. ती सगळं ऐकून घेते आणि म्हणते, ‘सर, एकदा राउटर बंद करून चालू करता का?’

त्याला हसणं सोपं आहे. पण बॅकअपच्या बाबतीत तो जे करतो ते आपण कोणी करत नाही. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, हा नियम तो पाळतो. घराबाहेरची प्रत साताऱ्याला सासुरवाडीत, सासऱ्यांच्या कपाटात, शालींच्या खाली आहे. दिवाळीला जावईबापू येतात ते डिस्क बदलायला, हे सासऱ्यांना कळून चुकलंय. तेही आता ओवाळणीआधी विचारतात, ‘या वेळी कितीची आणलीत?’ दोन वर्षांपूर्वी मेहुणीचा फोन रिक्षात राहिला. बाळाच्या बारशाचे फोटो त्यातच होते, असं सगळ्यांना वाटलं. सगळे हळहळले. यानं फक्त तारीख विचारली आणि जेवणं व्हायच्या आत सगळे फोटो राजगडावरून तिच्या नव्या फोनवर पाठवले. त्या दिवशी वहिनींनी अकरा युनिटांचा हिशेब पहिल्यांदा मान्य केला.

म्हणून माझा निकाल असा: माणूस सोन्यासारखा, व्यवस्था कच्ची. मोठ्या कंपन्यांच्या हाती आपलं घर नको, म्हणून त्यानं एवढा खटाटोप केला आणि ते सगळं घर एकट्या स्वतःच्या हाती आणून ठेवलं. तो आठवडाभर ऑफिसच्या कामाला बंगळुरूला गेला, की घरात कोणालाही राजगड सुरू करता येत नाही, बंद करता येत नाही आणि त्यात नेमकं काय आहे तेही सांगता येत नाही. उद्या तो आजारी पडला तर पंधरा वर्षांचे फोटो घरातच असतील आणि कोणालाच दिसणार नाहीत.

तुमच्या घरात असा कोणी असेल, तर त्याच्या छंदावर बंदी आणू नका, जमणार नाही. एका रविवारी चहाबरोबर त्याच्यापुढे कागद आणि पेन ठेवा. कुठलं यंत्र काय करतं, आधी कोणतं बटण दाबायचं, पासवर्ड कोणता, पाय-होल वगळून नेट कसं चालू करायचं आणि फोटोंची प्रत कुठे आहे, एवढं त्याच्याकडून मराठीत, सुवाच्य अक्षरांत लिहून घ्या. मग त्याला बाहेर पाठवा आणि त्या कागदावरून सगळं एकदा बंद करून तुम्ही स्वतः सुरू करून बघा. जमलं तर तो कागद घराच्या कागदपत्रांच्या फायलीत ठेवा. त्याचा फोटो काढून सर्व्हरवर टाकतो म्हणाला, तर टाकू द्या. पण कागद परत देऊ नका.