सतरावा दात

स्प्रॉकेटकाकांच्या वरच्या जबड्यातल्या दोन दाढा कधीच पडल्या. डेंटिस्टकडे जायला त्यांना सवड नाही. तोंडात आता नेमके किती दात उरलेत हे त्यांना सांगता येणार नाही, पण स्टँडर्ड साडेतीनशे बुलेटला पुढे किती आणि मागे किती, हे मध्यरात्री उठवून विचारा. पुढे १६, मागे ३८. आणि पाठोपाठ, कोणी न विचारता, "पण खरं म्हणजे पुढे १७ हवेत."

हे काका म्हणजे कोणी एक माणूस नव्हे. पुण्याच्या बहुतेक पेठांत एकेक, कोथरूडात बहुधा चारपाच, आणि सातारा-कोल्हापूरकडे तालुक्यागणिक सापडतात. वय पंचावन्नच्या पुढे, नोकरी बँकेतली आणि निवृत्तीला टेकलेली, शर्टाच्या खिशात पेनाच्या जोडीला फीलर गेज. जुन्या गाडीचं क्रोम घासून रविवारी तिच्याबरोबर फोटो काढणारे लोक वेगळे; त्यांना काका 'रंगारी' म्हणतात. काकांची स्वतःची बुलेट कळकट असते. टाकीवर पोचे असतात, सीटला टाके असतात. तिचं सौंदर्य गुणोत्तरात आहे, आणि ते बघायला डोळा लागतो.

गुणोत्तर म्हणजे ३८ भागिले १६, बरोबर २.३७५. गियरबॉक्सचं स्प्रॉकेट (चेन ओढणारं दातेरी चक्र) सोळाऐवजी सतरा दाती घातलं, की हेच २.२३५ होतं. फरक सुमारे सहा टक्के. त्यातून मिळतं काय, तर ताशी ८० किलोमीटरला इंजिनाचे मिनिटामागे दोनशेच्या आसपास फेरे वाचतात. हमरस्त्यावर गाडी जरा सुखाने पळते, पावलांना येणाऱ्या मुंग्या थोड्या उशिरा येतात. बदल्यात चढावर ओढ कमी पडते, आणि बुलेटकडे मुळात हॉर्सपॉवर १८. एवढीच गोष्ट आहे. इथे पदार्थविज्ञान संपतं आणि काका सुरू होतात.

लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसू नये. मठ्ठा येईपर्यंत ते बरे असतात. मग ताटाकडे न बघता म्हणतात, "१७ ही मूळ संख्या आहे, लक्षात घ्या." लक्षात घेण्यावाचून गत्यंतर नसतं, कारण दोन्ही बाजूंनी माणसं बसलेली असतात. "चेनच्या कड्या सहसा सम. म्हणजे एकच दात त्याच कडीला परत भेटायचा तर चेनच्या सतरा फेऱ्या व्हाव्या लागतात. झीज कशी सगळ्यांत सारखी वाटली जाते!" हे अगदी खरं आहे. चक्र जितकं लहान तितकी चेन तीव्र वळते आणि तितके बारीक हिसके बसतात, हेही खरं. काकांची पंचाईत हीच आहे, की त्यांचं कुठलंच वाक्य खोटं नसतं. नाहीतर त्यांना कोणीतरी केव्हाच गप्प केलं असतं.

सिग्नलला उभे असताना त्यांची नजर आकड्यांवर नसते. शेजारच्या गाडीच्या चेनचं लॉक कुठल्या दिशेला बसवलंय ते ती शोधत असते. लॉकच्या क्लिपचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला हवं, उघडं टोक मागे. उलटं दिसलं तर काका काच ठोठवावी तसं त्या पोराचं हेल्मेट ठोठवतात. हल्लीच्या बहुतेक साध्या मोटारसायकलींची चेन पूर्ण झाकलेली असते, याचं त्यांना वैयक्तिक दुःख आहे. तशी जावा-येझदीचीही झाकलेलीच असायची. पण म्हैसूरच्या त्या कारखान्याबद्दल काका वाईट बोलत नाहीत. तो १९९६ साली बंद पडला आणि गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये असं त्यांना वाटतं. शिवाय, किक आणि गियर एकाच दांडीवर बसवणाऱ्या माणसाच्या डोक्याला ते मनातून नमस्कार करतात.

आता कोणी म्हणेल, एका दाताची तर गोष्ट, घालून बघा आणि सोडा. असं म्हणणाऱ्याने जुनी बुलेट उघडलेली नसते. मागचं चक्र ब्रेकच्या ड्रमशी एकसंध ओतलेलं, त्यामुळे तिथे दात बदलायचा तर अख्खा ड्रमच बदलावा लागतो. राहिलं पुढचं. ते आहे पार आत, क्लचच्या मागे. डावीकडचा फूटरेस्ट काढा, प्रायमरीच्या झाकणाचा तो एकुलता एक मोठा नट सोडा, आतलं ऑइल फरशीवर घ्या (ते थाळ्यात घ्यायचं असतं, पण काकांनी थाळा नेहमी दोन बोटं डावीकडे ठेवलेला असतो), मग मॅग्नेट, प्रायमरी चेन, क्लच, आतलं कव्हर, आणि तेव्हा कुठे ते स्प्रॉकेट दर्शन देतं. संध्याकाळी सगळं परत बसवल्यावर एक वॉशर उरतो. तो कशाचा यावर पुढचा आठवडा जातो.

एवढं करून जो निर्णय घ्यायचा, तो घाईने कसा घेणार? म्हणून काका निर्णय घेत नाहीत, स्प्रॉकेटं घेतात. बुधवार-रविवारचा जुना बाजार, एरवी नाना पेठ. घरी फडताळात लाडवांचा म्हणून एक स्टीलचा डबा आहे. पाहुण्यांच्या पोराने तो मोठ्या आशेने उघडला, तर आत तेल लावून वर्तमानपत्रात गुंडाळलेली १५, १६, १७ आणि १८ दाती अशी चार स्प्रॉकेटं निघतात. पंधरा कशाला? लेहसाठी. खारदुंग ला जवळजवळ ५,३६० मीटरवर आहे. तिथल्या पाटीवर उंची बरीच जास्त लिहिलेली होती, आणि हा फरक काका पगारातल्या चुकीसारखा मनाला लावून घेतात. तिथे हवेचा दाब जवळपास निम्मा, म्हणजे अठरा हॉर्सपॉवर दहाच्या आसपास आले, म्हणजे १५ दातीच हवं. लेहला जायचं मुलगी दहावीत असल्यापासून ठरतंय. तिचा मुलगा आता दहावीत आहे.

नाना पेठेतल्या वस्तादांनी एकदाच, हात पुसत, मुद्द्याला हात घातला. "काका, ते सोळा-सतरा ऱ्हाऊ द्या. तुमी जाता कुठं?"

गियरिंगमधला खरा प्रश्न हाच असतो. स्प्रॉकेट गाडीला बसवायचं नसतं, रस्त्याला बसवायचं असतं. सोलापूरच्या सरळ रस्त्यावर रोज पळणाऱ्याने सतरा घालावं, पसरणीच्या घाटात रोज चढणाऱ्याने सोळावर सुखी राहावं. काका जातात मंडईत, बँकेत, आणि उरलेल्या वेळात नाना पेठेत स्प्रॉकेट बघायला. लक्ष्मी रोडवर चौथा गियर पडतो तो लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला. पण हे उत्तर वस्तादांना देणं काकांना शक्य नव्हतं. ते म्हणाले, "तसं नाही, माणसाची तयारी असावी."

शेवटी सतराचा पक्ष जिंकला तो आवाजावर. सतरावर गाडी टॉपला ताशी चाळीसने सोडली की ठोके सुटे सुटे पडतात, गल्लीत माणसं मान वर करतात. पण काका हिशेबाचे पक्के. चढाचा हिशेब करायचा तर एकूण वजन हवं. गाडीचं पुस्तकात होतं, स्वतःचं त्यांनी दोन किलो कमी करून मांडलं, आणि मग स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं, "अगं, तुझं वजन किती?"

काकूंनी लाटणं न थांबवता एक आकडा सांगितला. तो त्यांच्या लग्नातला होता. काकांनी तो निमूटपणे कागदावर लिहिला. लग्नाला एवढी वर्षं झालेला माणूस कुठल्या आकड्याची उलटतपासणी करत नाही. कागद म्हणाला, सतरा चालेल.

नारायणपूरला जाताना दिवे घाटात कागद खोटा पडला. वडकीपर्यंत बुलेट खुशीत होती. पहिल्या मोठ्या वळणावर उसाचा ट्रक आडवा आला, काकांनी तिसरा पाडला, मग दुसरा. इंजिन कुरकुरलं, मग ठोकायला लागलं. मागून एक स्कूटी गेली, तिच्यावर तीन कॉलेजकन्यका होत्या. त्यानंतर एक सायकलवाला बराच वेळ शेजारी राहिला. काकांनी तोंड उघडलं, "गाडीवर जरा..." आणि पुढचा शब्द गिळला.

"जरा काय?" मागून प्रश्न आला.

"जरा दात जास्त झालाय."

"मग पुढचं काहीतरी कमी करा," काकू म्हणाल्या. "स्प्रॉकेट नाहीतर पोट."

पुढच्या रविवारी डावीकडचं कव्हर पुन्हा उघडलं. थाळा दोन बोटं उजवीकडे ठेवला होता.