लाडूचे आप्पा

आप्पांना कुत्री आवडत नाहीत. हे ते आजही सांगतात, फक्त सांगताना मांडीवर लाडू असतो.

लाडू म्हणजे पग. २००३ साली हच या मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत चपट्या नाकाचा पग एका पोराच्या मागेमागे फिरला आणि मध्यमवर्गाच्या दोन खोल्यांत कुत्रं शिरलं. आप्पांकडे ते जरा उशिरा आलं. मुलगी कॅनडाला जाताना ठेवून गेली. जाहिरातीत एक गोष्ट सांगायची राहिली होती. पगच्या डोळ्यांच्या खोबणी उथळ, त्यामुळे डोळे बाहेर डोकावतात. आणि मध्ये नाक नसल्यामुळे सोफ्याचा कोपरा, तुळशीची काडी, शेजारचं मांजर, सगळ्यांची पहिली भेट डोळ्याशीच होते.

असा आप्पा आता प्रत्येक सोसायटीत एखादा तरी असतो. बँकेतून निवृत्त. स्वतःची रक्तदाबाची गोळी घेतली की नाही हे बायकोला विचारणार. कुत्र्याची फाईल मात्र तारखेवार, पारदर्शक कव्हरात. वरच्या चिठ्ठीवर ‘पेशंट : लाडू कुलकर्णी’. आधी आडनावाला त्यांचा आक्षेप होता, आता ते राहून गेलं तर स्वतः लिहून घेतात.

या फाईलमुळे आप्पा बिघडले. पहिल्या डॉक्टरांनी टेबलापलीकडूनच ‘इन्फेक्शन’ म्हटलं. दुसरे ‘ॲलर्जी’ म्हणाले आणि स्टिरॉइडचे थेंब दिले. लाडूचा डोळा पार मिटला. तिसऱ्या बाईंनी डोळ्याला नारिंगी रंगाची ओली पट्टी टेकवली, खोलीतले दिवे मालवले आणि निळ्या उजेडात बुबुळावर हिरवा ठिपका चमकला. अल्सर. जखमेवर स्टिरॉइड घातलं की ती भरायची सोडून खोल जाऊ शकते, हे बाईंनी शांतपणे सांगितलं. आप्पांनी ते शांतपणे ऐकलं नाही. ‘आधी रंग टाकून बघायला किती वेळ लागतो?’ हा प्रश्न त्यांनी तेव्हापासून वॉचमनपासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांना विचारला आहे. (प्रश्न रास्त आहे. दोन-चार मिनिटं लागतात.)

मग बाई पापणीत कागदाची पट्टी अडकवून मिनिटभर थांबल्या. निरोगी कुत्र्याची पट्टी १५ मिलिमीटर तरी भिजते, लाडूची सहाच भिजली. म्हणजे मूळ दुखणं डोळे कोरडे पडण्याचं.

‘ती पट्टी मला लावा,’ आप्पा म्हणाले, ‘बिल बघून पंचवीस भरेल.’

आता औषध जन्मभराचं. ते माणसांच्याच मेडिकलमध्ये मिळतं, ही एक निराळी करमणूक.

‘पेशंटचं वय?’

‘सात.’

‘एवढ्या लहान मुलाला हे कोणी लिहून दिलं?’

‘मुलगा नाही हो, पग आहे!’

मागच्या रांगेतलं कोणीतरी हळूच विचारतं, ‘हा कुठला आजार?’

थेंब घालण्याचं शास्त्र आप्पांनी स्वतः बसवलंय. समोरून बाटली दाखवायची नाही. मागून जायचं, हनुवटी उचलायची, वरून सोडायचा. दुसऱ्या औषधाला पाच मिनिटांचं अंतर, मलम शेवटी. पण टोपण उघडल्याचा ‘टक्’ झाला की लाडू दिवाणाखाली. गळ्यातला प्लॅस्टिकचा कर्णा मात्र काठाला अडकून बाहेरच राहतो, म्हणून सापडतो तरी. आप्पा जमिनीवर आडवे, लाडूचं मागचं अंग दिवाणाखाली, आणि दोघांचं एकमेकांवर गुरगुरणं. मग थेंब नाकावर पडतो, आप्पा ‘हा धरायचा नाही’ म्हणतात आणि पुन्हा सुरुवात. मंगलाष्टकं चालू असतानाही त्यांचा गजर वाजतो. अक्षता शेजाऱ्याच्या हातात देऊन ते निघतात आणि वधूपक्षाला वाटतं, काहीतरी बिनसलं.

ज्ञान आता उतू चाललंय. लिफ्टमध्ये कोणाचा डोळा लाल दिसला की आप्पा वाकून बघतात. ‘डोळे आलेत’ म्हणालं की विचारतात, ‘रंग टाकून बघितला का?’ माणसांच्या नेत्रतज्ज्ञांबद्दल त्यांचं मत फारसं बरं नाही. आणि नेमक्या तशाच एकांनी त्यांना मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगून ठेवलंय. तारीख दर वेळी पुढे जाते. ऑपरेशननंतर आप्पांनाही वेळापत्रकाने थेंब लागणार आणि ते लाडूच्या वेळांवर येणार.

‘माझं थांबेल,’ ते म्हणतात. ‘तो बिचारा मुका. त्याला दिसत नाही हे सांगता येतं का?’

‘तुम्हाला येतं, पण तुम्ही कुठे सांगता?’ काकू आतून ओरडतात. ‘परवा लाडू समजून माझ्या लोकरीच्या टोपीची हनुवटी शोधत होतात!’