डॉक्टरांची गाडी
पुण्यात दीड लाखात जुनी वॅगन आर शोधायला निघा, म्हणजे कळेल की शहरातली प्रत्येक गाडी कुणा डॉक्टरांचीच होती. रविवारी देवळापर्यंत, तीही सावकाश. १२ वर्षांत मीटरवर जेमतेम ३२,००० किलोमीटर; क्लचच्या पेडलचं रबर मात्र झिजून पार गुळगुळीत. देवळात डाव्या पायानं प्रदक्षिणा घातल्या असाव्यात! टायरवर २३१८ उमटलेलं, म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. एजंट म्हणतो, ‘साहेब, परवाच टाकलेत.’ आरसीवर बँकेचा बोजा तसाच. ‘एनओसी काय, येईल हो!’ फॉर्म २९ आणि ३० वर सह्या तयार, बाकी रकाने कोरे. डॉक्टरसाहेबांची सही, तरी स्वच्छ वाचता येते. ‘उद्या आमचा मेकॅनिक घेऊन येतो,’ म्हणा, की टोकन द्यायला दुसरं गिऱ्हाईक दारात हजर.